तेहतीस मीटर

शोरेनाच्या वहीत पहिल्या पानावर
तीन संकल्प होते :
साखर बंद. सहाला उठणे. ओतारला फोन न करणे.
साखर मंगळवारी सुरू झाली.

वही मुळात बातुमी बंदरातल्या
कॅन्टीनच्या हिशेबाची.
मागून उघडली की अजून दिसतं
कोणी किती वाट्या घेवडा खाल्ला,
कोणाकडे किती लारी बाकी.
पुढून उघडली की ती.

एकेचाळीस वर्षं.
आई इटलीत, बारीला, कुणा परक्या म्हातारीला
भरवते, पुसते, कुशीवर वळवते
आणि दर महिन्याला पैशांबरोबर
एकच वाक्य पाठवते : स्वतःकडे बघ जरा.
शोरेनाने बघितलं.
आरशात नाही. खिडकीतून,
भांडी घासता घासता, वर.

पिवळी क्रेन. चार पाय, एक मान.
डोक्याच्या जागी काचेचं खोकं,
खोक्यात एक माणूस, ज्याला कोणी
'बाई, मीठ कमी पडलंय' म्हणत नाही.

प्रशिक्षणाच्या अर्जावर रकाना होता : कारण.
तिने लिहिलं, पगार.
खोडलं. लिहिलं, नजर चांगली आहे.
तेही खरंच होतं.

रात्री फोनमधली बाई सांगायची,
आठ ग्लास पाणी प्या, स्वतःला मिठी मारा,
आजच्या तीन चांगल्या गोष्टी आठवा.
शोरेना पाणी प्यायची. मिठीचं जमलं नाही,
हात आखूड पडतात.
मग भाराचा तक्ता पाठ करायची :
बाहू जितका लांब, तितकं कमी उचलायचं.
समासात लिहिलं, हे मला आधी
कोणी का नाही सांगितलं?

ओतार आला डिसेंबरात, फोन न करताच,
संत्र्यांची पिशवी घेऊन.
तो अकॉर्डियन दुरुस्त करतो. एखादा सूर
अडकला तर कोणती पट्टी ते त्याला ऐकूनच कळतं.
माणसांच्या बाबतीत वेळ लागतो.
'वर काय आहे एवढं?'
'खोकं.'
'मग?'
'त्यात एकच खुर्ची आहे.'
तो हसला नाही. संत्रं सोलत राहिला,
पांढऱ्या शिरा एकेक काढून;
तिला त्या आवडत नाहीत, हे
सहा वर्षांनीही लक्षात असल्यासारखा.
प्रेम म्हणायचं याला
की नुसती बोटांची सवय?
वहीत दोन्ही लिहिलं. कुठलंच खोडलं नाही.

पहिल्या परीक्षेत नापास.
वाऱ्याचा वेग चुकीच्या एककात मांडला.
कॅन्टीनमध्ये मुर्मान म्हणाला,
बाईंना उंटावरून शेळ्या हाकायच्यात.
असेल. पण जिने जन्मभर शेळ्यांतून
उंटाचं पोटच बघितलंय
तिला ही म्हण वेगळी ऐकू येते.

एप्रिल. दुसऱ्यांदा.
शिडीच्या एकशे अठरा पायऱ्या, मध्ये दोन टप्पे.
दुसऱ्यावर ओकारी आली, ती गिळली.
वर पोचल्यावर आभाळ ठेंगणं झालं नाही,
होतं तेवढंच होतं, राखाडी.
ठेंगणं झालं ते कॅन्टीनचं छप्पर.
त्यावर एक चप्पल पडलेली, कुणाची, केव्हापासूनची.
इतकी वर्षं मी हिच्याखाली कांदा चिरत होते!

खालून हात वर झाला : उचल.
पायाखाली काच, काचेखाली दोर,
दोराला सोळा टनांची पेटी. आत काय, तिला ठाऊक नाही.
पेटी जमिनीपासून वीतभर सुटली,
झुलली, आणि झुलणं थांबेपर्यंत
शोरेनाने काहीही केलं नाही.
तक्त्यात हेच लिहिलं होतं. तरी
किती जड गेलं, काही न करणं.

संध्याकाळी ओतारला फोन.
तिसरा संकल्प मोडला, तारीख घालून.
म्हणाली, कॅन्टीनच्या छपरावर एक चप्पल आहे.
काढायला ये. येताना शिडी आण.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, डाव्या पायाची की उजव्या?